सहा, दोन आणि दहा

मी मिरजेतल्या एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. म्हणजे औषधाच्या खिडकीत न बसता वॉर्डात फिरायचं आणि कुणाला कोणतं औषध, किती आणि किती वाजता जातंय ते तपासायचं. डॉक्टरांचा राऊंड पुढे सरकला की नातेवाईक मला गाठतात. डॉक्टरांसमोर तोंडातून निघत नाहीत ते प्रश्न माझ्या वाट्याला येतात, आणि त्यातला कायमचा एक: "पहाटे सहाला झोपमोड करून सुई कशाला? आठला चहा झाल्यावर दिली तर बिघडतंय काय?"

बिघडतं, निदान जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकच्या सुईचं तरी. का, ते सांगायला जरा मागून यावं लागेल.

तासगावकडचे एक बागायतदार तात्या आमच्याकडे दाखल होते. सत्तरी ओलांडलेली, प्रोस्टेटचा जुना त्रास. लघवीला जळजळ सुरू झाली, मग हुडहुडी भरून ताप. गावात आधी एका गोळीचा पूर्ण कोर्स झाला, मग दुसरीचा अर्धा. दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला आणि मुलगा तो कागद घेऊन माझ्याकडे धावला. कागदावर ‘आर’ची रांग लागलेली. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, या जंतूवर ते औषध चालत नाही, एवढं मी सांगितलं आणि पुढचं कसं समजवावं याचा विचार करत होतो. तेवढ्यात कॉटवरून तात्याच बोलले, "आरं, डावणीसारखं हाय ते. एकच औषध सारखं मारलं की डावणी ऐकत न्हाय."

इतकी वर्षं मी पुस्तकी भाषेत जे सांगत होतो ते तात्यांनी एका वाक्यात संपवलं. द्राक्षबागेत डावणीचं एकच औषध फवारत राहिलं की जी बुरशी त्याला दाद देत नाही तीच मागे उरते आणि पुढच्या हंगामात बागभर तीच असते. म्हणून बागायतदार औषधांची पाळी बदलतो. जंतूंचंही तसंच. फरक इतकाच की जंतू फार चपळ असतात. पोषक जागा मिळाली तर लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. शिवाय औषधाला तोंड देण्याची युक्ती तो शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, बांधावरून बियाणं उसनं द्यावं तशी. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात हाच धोका सांगितला होता: औषध अपुऱ्या मात्रेत घेतलंत तर जंतू मरणार नाहीत, शिकून बसतील.

जंतूंच्या युक्त्या तरी काय? काही जण औषध आत येण्याची दारंच कमी करतात. काही जण आत आलेलं औषध पंपानं पाणी उपसावं तसं बाहेर फेकतात. काही जण औषध जिथं चिकटतं ती जागाच बदलून टाकतात. आणि काही जण औषध तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ अशी अक्षरं दिसली तर ती या शेवटच्या प्रकारातली. पेनिसिलिन आणि सेफ नावानं सुरू होणारी बरीचशी औषधं हे विकर तोडून टाकतं. मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं त्याला पुरून उरतात, म्हणून तात्यांना मेरोपेनेम सुरू झालं. पण कार्बापेनेमही तोडणारी विकरं आता आहेत. एका गाजलेल्या विकराच्या नावात तर ‘न्यू दिल्ली’ आहे.

रिपोर्ट वाचताना होणारी एक चूक सांगतो. प्रत्येक औषधासमोर एक आकडा असतो. जंतूची वाढ रोखायला औषधाचं किमान किती प्रमाण लागतं, तो हा आकडा. घरचे लोक सगळ्यात लहान आकडा शोधतात आणि विचारतात, "हे औषध जास्त पॉवरफुल दिसतंय, मग हे का नाही?" दोन औषधांचे आकडे असे शेजारी ठेवून तोलायचे नसतात. प्रत्येक औषधाची रक्तातली पातळी वेगळी, मोजमापाची रेघ वेगळी. कांदा आणि केशर एकाच भावानं मोजण्यासारखं होईल ते.

आता त्या आकड्यावरूनच घड्याळाकडे येऊ.

सांगलीकरांना पातळी कशी बघायची हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पण नुकसान किती झालं हे नुसत्या कमाल पातळीवर ठरत नाही. पाणी धोक्याच्या खुणेवर एक रात्र होतं की सहा दिवस, यावरही ठरतं. मेरोपेनेमचं काम नेमकं असं चालतं, फक्त इथं बुडवायचं आहे जंतूला. जंतूचा तो रिपोर्टवरचा आकडा म्हणजे आपली खूण. औषधाची पातळी त्या खुणेच्या वर किती तास राहिली यावर जंतू मरणार की नाही ते ठरतं. मूत्रपिंडं चांगली असतील तर रक्तातलं मेरोपेनेम साधारण तासाभरात निम्मं होतं, पुढच्या तासाभरात त्याच्याही निम्मं. सातव्या-आठव्या तासाला जवळजवळ काही उरत नाही. पाणी ओसरलं की जंतू पुन्हा वाढायला लागतात. म्हणून दर आठ तासांनी: पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा. सहाचा डोस आठला दिला तर मधले दोन तास जंतूला मोकळं रान. एखाद्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर घाबरायचं कारण नाही, पण रोज ‘चहा झाल्यावर’ नको.

याच कारणामुळे काही रुग्णांना हेच औषध तीन तास थेंबथेंब दिलं जातं. नातेवाईकांना वाटतं सिस्टर सलाईनच्या नळीवरचं चाक हळू करून विसरल्या. विसरलेल्या नसतात.

शेजारच्या कॉटवरच्या आजींना मात्र अमिकासिन नावाचं दुसरं अँटिबायोटिक दिवसातून एकदाच. लगेच कुजबुज, त्यांना एकदा आणि आम्हाला तीनदा, बिल वाढवायला का? अमिकासिनची जात उलटी आहे. त्याला पातळी एकदाच खूप उंच गेलेली लागते. पाणी पुलावरून एकदा दणक्यात गेलं की काम झालं. नंतर बराच वेळ ते नसलं तरी चालतं. उलट सतत राहिलं तर मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास होण्याची भीती. म्हणून अमिकासिन चालू असताना कानात गुणगुण आवाज यायला लागला, ऐकू कमी आलं किंवा चालताना तोल जायला लागला, तर वय झालं म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी सांगा.

हे सगळं शिरेतूनच कशाला, असंही विचारतात. आपल्याकडे सलाईनला एक वेगळंच वलय आहे. अशक्तपणा आला, चक्कर आली की "एक बाटली लावा, तरतरी येईल." ही ती बाटली नव्हे. शंभर मिलीच्या त्या छोट्या बाटलीतलं मिठाचं पाणी फक्त वाहक आहे, खरं काम त्यात मिसळलेल्या पावडरीचं. मेरोपेनेम, अमिकासिन, कोलिस्टिन ही औषधं तोंडानं घेतली तर आतड्यातून रक्तात पुरेशी पोचत नाहीत. व्हँकोमायसिन गिळलं तर आतड्यातच राहतं, आणि गंमत म्हणजे आतड्यातल्या एका विशिष्ट संसर्गासाठी ते मुद्दाम तसं पाजतातही. पण याचा अर्थ सुई म्हणजे भारी आणि गोळी म्हणजे किरकोळ असा नाही. लिनेझोलिडसारखं औषध गोळीतूनही जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतं. ताप उतरला, पोटात अन्न टिकायला लागलं आणि चालणारी गोळी उपलब्ध असली की डॉक्टर सुई थांबवून गोळी देतात. त्यावर "आमच्यावर आता लक्ष नाही" म्हणून रुसणारी घरं मी पाहिली आहेत. शिरेतली प्रत्येक जास्तीची सुई म्हणजे जंतूला आत यायला एक जास्तीचं दार. ते बंद होतंय तर आनंद माना.

चाकाबद्दल मात्र मला थोडं रागावूनच लिहायचं आहे.

सलाईनच्या नळीवर वेग कमीजास्त करायचं एक छोटं चाक असतं. ते फिरवण्याचा मोह भेटायला आलेल्या प्रत्येक भाच्याला, पुतण्याला होतो. एकदा एका रुग्णाला व्हँकोमायसिन चालू होतं. संध्याकाळची शेवटची एसटी पकडायची म्हणून सोबतच्या मुलानं चाक सैल सोडलं, तासाभराची बाटली दहा-बारा मिनिटांत उतरली. रुग्णाचा चेहरा, मान, छाती लालबुंद, अंगभर खाज, रक्तदाब खाली. हे औषध ग्रॅमला निदान एक तास लावूनच द्यायचं असतं. घाईनं गेलं की शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि हा प्रकार होतो. ही नेहमीची ॲलर्जी नव्हे. औषध थांबवून, उपचार करून, पुढचे डोस हळू दिले तर बहुतेकांना तेच औषध चालतं. त्या रुग्णालाही पुढे चाललं. पण त्या अर्ध्या तासात त्या घराचं पाणी पाणी झालं होतं. मुलाला मी काही बोललो नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

तर चाकाला हात लावायचा नाही. अपवाद एकच: औषध सुरू झाल्यावर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज आली, श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मोठ्यानं सिस्टरला हाक मारा, आणि जवळ कुणीच नसेल तर चाक पूर्ण बंद करा. बंद, कमी नव्हे. नळी उपसू नका, कारण उपचाराचं औषधही त्याच वाटेनं द्यायचं असतं.

एक उगाचची भीती मात्र डोक्यातून काढून टाका. बाटली संपत आली की नातेवाईक "हवा जाईल, हवा जाईल" करत वॉर्डभर धावतात. उंचीवर टांगलेल्या साध्या बाटलीतलं पाणी संपलं की नळीतली पातळी थोडी उतरून थांबते, कारण शिरेतही दाब असतो. फार तर नळीत थोडं रक्त मागे येतं. ते तसंच राहिलं तर गुठळी होऊन शिरेत घातलेला कॅन्युला बंद पडतो आणि पुन्हा टोचावं लागतं. म्हणून बाटली संपली की हाक मारायची, पण जिवाच्या आकांतानं नव्हे.

कॅन्युला, ज्याला बरेच जण इंट्राकॅथ म्हणतात, तो हातावरचा रंगीत टोकाचा प्लास्टिकचा भाग. रंगावरून जाडी कळते: हिरवा जाड, गुलाबी मध्यम, निळा बारीक, पिवळा त्याहून बारीक. तिथं दुखतंय, लाल झालंय, शिरेची दोरीसारखी कडक रेघ हाताला लागतेय, सूज आलीय किंवा चिकटपट्टी ओली झालीय, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या डोसपर्यंत थांबू नका. पुष्कळ म्हातारी माणसं "असू दे, उगं पोरींना कशाला त्रास" म्हणून दुखणं गिळतात. त्यांना दर पाळीला हात दाखवायला लावा. औषध कित्येक आठवडे द्यायचं असेल, उदाहरणार्थ हाडातल्या संसर्गाला साधारण सहा आठवडे लागतात, तर दंडातून आत मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब बारीक नळी घालतात. रोजरोज टोचण्यापेक्षा ती बरी, पण तिची निगा काटेकोर लागते.

औषध सुरू होण्यापूर्वी काय सांगायचं? कोणत्या औषधानं पूर्वी कधी अंगावर उठलं होतं का, ते. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली, ते. नाव आठवत नसेल तर घरातली रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा. मूत्रपिंडाचा, यकृताचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणं. आणि फिट्स. फिट्सवर व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असेल आणि मेरोपेनेम सुरू केलं, तर त्या गोळीची रक्तातली पातळी झपाट्यानं घसरते आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. "ती गोळी तर नेहमीचीच" म्हणून लोकांचं हे सांगायचं राहून जातं.

मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं तात्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन चौथ्या दिवशी वाढलं आणि डोस आठऐवजी बारा तासांनी झाला. मुलगा लगेच माझ्याकडे: "पैशासाठी कमी केलं का?" पूर्वी वाढवायला पैसे, आता कमी करायला पैसे! या गटातली बहुतेक औषधं मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं की औषध साचतं, पाणी ओसरायला वेळ लागतो, म्हणून दोन डोसांमधलं अंतर वाढवतात किंवा मात्रा कमी करतात. दर एक-दोन दिवसांनी रक्त का काढतात याचं उत्तर हेच. लघवी किती होतेय ते मोजून लिहायला सांगितलं असेल तर अंदाजानं लिहू नका. मापाचं भांडं मागून घ्या.

कोलिस्टिनबद्दल थोडंसं. हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं आणि दुसरं काही चालेना तेव्हा पुन्हा बाहेर काढावं लागलं. ते चालू असताना ओठांभोवती मुंग्या येणं, गरगरणं होऊ शकतं, सांगा. आपल्याकडे पूर्वी ते कोंबड्यांच्या खाद्यातही जायचं. 2019 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. विटा-खानापूर भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना हे माहीत आहे. चिकन खाणाऱ्यांना सहसा नसतं.

ताप पहिल्याच बाटलीनं उतरत नाही. योग्य औषध सुरू होऊनही दोन-तीन दिवस तापाचा चढउतार चालतो. एकच दिवस पाहून "औषध लागू पडंना, दुसरीकडे हलवू" हा निर्णय घेऊ नका. आणि कल्चर आल्यावर पहिलं औषध काढून साधं औषध दिलं तर तीही वाईट बातमी नव्हे. जंतू कोण ते माहीत नसताना मोठं जाळं टाकावं लागतं. तो कळला की नेमक्या औषधावर येता येतं. पोट बिघडणं या औषधांत नेहमीचं. ताक, भात, मुगाची खिचडी चालेल. "उष्ण पडलं" म्हणून सब्जा पाजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण दिवसात तीन किंवा त्याहून जास्त पातळ जुलाब, पोटात कळ, रक्त किंवा पुन्हा ताप असेल तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. हा प्रकार औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतो.

कॉटवर ‘हात धुऊनच या’ अशी पाटी लागली की घरच्यांना लाज वाटते, आपल्या माणसाला वाळीत टाकल्यासारखं. हे जंतू हातांवरून एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जातात, एवढाच त्या पाटीचा अर्थ. डबा घेऊन सात जणांनी कॉटवर बसू नये. नंबर लावून एकेकानं या, येताना आणि जाताना हात धुवा. डॉक्टरांनाही, मलाही, हात धुतले का असं विचारलंत तर आम्हाला राग यायचा हक्क नाही.

खर्चाचा विषय टाळता येत नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात. दाखल होताच त्यांना भेटा, बिल झाल्यावर नव्हे. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

आणि आता ते जे मला नेहमी अस्वस्थ करतं. पाच दिवसांनी बरं वाटलं, उरलेले डोस "गावातच टोचून घेतो" म्हणून लोक घरी जातात. जाऊ द्यायला हरकत नसते, पण डॉक्टरांना विचारून आणि कागदावर तीन गोष्टी लिहून घेऊन: औषध कशात आणि किती मिलीत मिसळायचं, किती वेळात द्यायचं, किती वाजता. पावडर दवाखान्यातून मिसळून बाटलीत भरून एसटीनं न्यायची नाही. मिसळल्यावर ती लवकर वापरावी लागते, उन्हात तर औषध नासतंच. बंद बाटल्या न्या, द्यायच्या वेळी मिसळून घ्या. गावातला दवाखाना रात्री दहाला आणि पहाटे सहाला उघडा असेल का, हे आधी विचारा. नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. दिवसातून एकदाच द्यायचं एखादं औषध चालतं का, हे ते बघू शकतात. उगाच दोन डोस एकत्र देऊन हिशोब जुळवू नका.

तात्यांचा कोर्स घड्याळ सांभाळून मिरजेतच पुरा झाला. घरी जाताना मुलानं विचारलं, महिन्यानं पुन्हा लघवीचं कल्चर करू का? त्रास नसेल तर बहुतेकांना ते करायचं नसतं. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत कसलाही त्रास न देणारे जंतू सापडतात, आणि कागदावरच्या जंतूला औषध देत बसलं तर पुन्हा तात्यांची डावणी. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर गोष्ट वेगळी.

कॅन्युला काढल्यावर कापसानं काही मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही, आणि दोन-तीन दिवस ती जागा बघत राहायची. डिस्चार्ज कार्डावर जंतूचं नाव आणि दिलेल्या औषधाचं नाव आहे ना, ते गेटच्या बाहेर पडण्याआधी बघा. नसेल तर लिहून मागा. कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा, कारण मूळ कागद कधीकधी वर्षभरात पुसट होतो. तात्यांच्या मुलानं ती सात-बाराच्या फाइलमध्ये लावली. पुढच्या वेळी ताप आला की औषधाच्या दुकानाआधी ती फाइल डॉक्टरांपुढे ठेवायची, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.